हुसकावलेल्यांची वहिवाट

शिकागोचं ग्रँट पार्क आणि त्याच्या आजूबाजूची बरीचशी किनारपट्टी ही मुळात जमीन नव्हतीच. तिथे मिशिगन सरोवराचं पाणी होतं. १८७१ च्या भीषण आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा सरोवरात लोटला गेला, पुढेही भराव पडत राहिला आणि पाण्याच्या जागी मोक्याची जमीन तयार झाली. या जमिनीवर तिथले मूळ रहिवासी असलेल्या पोटावाटोमी लोकांच्या पोकेगन शाखेने दावा सांगितला. युक्तिवाद सरळ होता. आमच्या पूर्वजांनी तहांमध्ये जमीन लिहून दिली ती काठापर्यंतची. सरोवर कुणालाच दिलेलं नाही. मग त्याच सरोवरात भर घालून केलेली जमीन तुमची कशी? १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. तुमचा हक्क फार तर वहिवाटीचा होता आणि ती वहिवाट तुम्ही केव्हाच सोडून दिली, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

ती सुटली कशी, हे पाहिलं पाहिजे. १८३३ च्या शिकागोच्या तहाने पोटावाटोमींना मिसिसिपी नदीपलीकडे जायला भाग पाडलं. जे गेले नाहीत त्यांच्यातल्या साडेआठशेहून अधिक लोकांना १८३८ च्या सप्टेंबरात इंडियानामधून सशस्त्र पहाऱ्याखाली हाकत कॅन्ससपर्यंत नेलं. दोन महिन्यांच्या त्या वाटचालीत चाळीसहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. पोकेगन शाखेचे लोक तहात वेगळी सवलत मिळवून मिशिगनमध्ये कसेबसे टिकून राहिले. आधी बंदुका रोखून माणसं काठावरून उठवायची, आणि ऐंशी वर्षांनी त्यांच्या नातवंडांना सांगायचं की तुम्ही तिथे राहत नव्हता, सबब तुमचा हक्क बुडाला. चोराच्या उलट्या बोंबा आपण पुष्कळ ऐकतो. इथे त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का मिळाला.

ओजिब्वे, ओडावा आणि हेच पोटावाटोमी या तीन समाजांची ‘तीन अग्नींची’ जुनी आघाडी. त्यांचं आणि त्यांच्या भाऊबंदांचं सामायिक नाव अनिशिनाबेक. नकाशावर पाहिलं तर उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा आखतात. एक मिशिगन सोडलं तर बाकी चारही सरोवरांच्या पाण्यातून ही रेघ जाते. अनिशिनाबेकांच्या नकाशात मात्र सरोवर कडेला नसून मधोमध आहे. होडीने जायचं तर पाणी हाच रस्ता, बेटं हे मुक्काम आणि समोरचा काठ हा शेजार. त्यांच्या मुलखाच्या नेमक्या पोटातूनच दोन देशांनी हद्द काढली. सोयरिकी, मासेमारी, समारंभ यांसाठी ती ओलांडणारी माणसं मग ‘परदेशात’ जाऊ लागली.

अनिशिनाबेकांचं या बेटांशी आणि काठांशी असलेलं नातं टिकलं ते ताब्याच्या बळावर टिकलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ताबा बहुतेक ठिकाणी गेला. नातं टिकलं, कारण तिथे जाऊन करायची कामं त्यांनी सोडली नाहीत आणि दिल्या शब्दाचा हिशेब मागणंही सोडलं नाही. या नात्याला ‘आदिवासींचं निसर्गप्रेम’ म्हणून गौरवणाऱ्यांची मला भीती वाटते. प्रेम म्हटलं की कायदेशीर हक्काची भावना होते, आणि भावनेची कदर करून जमीन मात्र स्वतःकडे ठेवता येते. कॅनडात हल्ली सभा-समारंभांच्या सुरुवातीला ‘आपण अमुक लोकांच्या भूमीवर जमलो आहोत’ असं वाचून दाखवण्याची प्रथा पडली आहे. ऐकायला बरं वाटतं. पण ज्यांची भूमी, त्यांच्या नावावर त्याने एक एकरही चढत नाही.

कायद्याच्या या चौकटीची एक कडी हिंदुस्थानाशी जुळते. १७५७ साली, प्लासीच्या लढाईनंतर, ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेतल्या दोन बड्या कायदेपंडितांचा अभिप्राय घेतला: मोगलांकडून किंवा इतर देशी सत्ताधीशांकडून मिळालेल्या मुलखावर हक्क राजाचा की कंपनीचा? अनुदानाने मिळालेल्या जमिनीला राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही, असं उत्तर आलं. पुढे अमेरिकेतल्या जमिनीच्या सटोडियांनी याच अभिप्रायातला मोगलांचा उल्लेख गाळून तो तिथल्या मूळ रहिवाशांना लागू केला आणि त्यांच्याकडून परस्पर जमिनी विकत घेतल्याचा दावा लावला. १८२३ साली ‘जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सटोडियांना नाकारलं; पण नाकारताना जो सिद्धान्त मांडला तो मूळ रहिवाशांच्या मुळावर आला. भूमीचं स्वामित्व ती ‘शोधून काढणाऱ्या’ युरोपीय राष्ट्राचं, रहिवाशांना फक्त वहिवाट. खटल्यातल्या दोन टोळ्यांच्या या भांडणात ज्यांची जमीन होती त्यांना कुणी पक्षकारदेखील केलं नव्हतं. शिकागोच्या पोटावाटोमींचं म्हणणं बुडालं ते याच डोहात.

वहिवाट मोडण्याचे मार्ग नाना तऱ्हेचे होते. बर्ट लेक हे उत्तर मिशिगनमधलं एक सरोवर. तिथल्या शेबॉयगनिंग गावच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात पदरचे पैसे घालून आपलीच जमीन विकत घेतली आणि सुरक्षित राहावी म्हणून ती राज्याच्या गव्हर्नरच्या विश्वस्तपणाखाली ठेवली. अशा जमिनीवर कर लागू नये. तरी स्थानिक अधिकाऱ्यांनी लावला. थकबाकी दाखवून जमीन लाकडाच्या एका व्यापाऱ्याच्या घशात गेली. १९०० सालच्या ऑक्टोबरात, गावातले कर्ते पुरुष बाहेर असताना, शेरीफ माणसं घेऊन आला, घरातल्या बायका-मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढून त्याने घरांवर रॉकेल ओतलं आणि गाव पेटवून दिलं. वाचलं ते चर्च. लोक चालत दुसऱ्या वस्त्यांकडे पांगले. २००६ साली या शाखेला केंद्रीय मान्यता नाकारण्यात आली, तेव्हा वेगळा समाज म्हणून सलग नांदत असल्याच्या निकषावर ते उतरत नाहीत, हेही एक कारण होतं. ज्या समाजाचं गाव सरकारी अधिकाऱ्याने जाळलं, त्याने सलग नांदल्याचा पुरावा कोणत्या घरातून आणायचा?

या सगळ्या अंधारात केचेवैश्के या माणसाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. इंग्रजी कागदपत्रांत तो चीफ बफेलो. सुपीरियर सरोवरातल्या ज्या बेटाला आज मॅडलिन आयलंड म्हणतात ते ओजिब्वेंचं मूनिंग्वानेकानिंग, त्यांच्या परंपरेतलं मध्यवर्ती ठिकाण. त्या बेटावर, ला पॉइंट इथे, तो पुढारी होता. १८४२ च्या तहात सरकारला तांब्याच्या खाणींसाठी सुपीरियरच्या दक्षिणेचा पट्टा हवा होता. ओजिब्वेंनी तो दिला. आपण नीट वागू तोवर आपल्याला इथून कुणी उठवणार नाही, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. आठ वर्षांत, १८५० साली, राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी त्यांना पश्चिमेकडे हटवण्याचा हुकूम काढला.

हुकूम अमलात आणण्यासाठी जी युक्ती लढवली तिच्यासारखी निर्दय युक्ती क्वचितच सापडेल. तहाप्रमाणे मिळणारी वार्षिक रक्कम आणि सामान दरवर्षी ला पॉइंटला वाटलं जाई. त्या वर्षी सांगितलं की ऑक्टोबरच्या अखेरीस मिनेसोटातल्या सँडी लेकला या. हेतू उघड होता: एकदा नद्या गोठल्या की ही माणसं परतणार नाहीत. लोक शेकडो मैल होड्यांनी आले. वाटप करणारा अधिकारी कित्येक आठवडे आलाच नाही. जे धान्य मिळालं ते कुजलेलं होतं. गोवर आणि हगवण पसरली. अखेर डिसेंबरच्या सुरुवातीला अपुरं सामान हातावर टेकवलं गेलं. तळावर दीडशेच्या आसपास माणसं दगावली आणि परतीच्या वाटेवर त्याहून जास्त. एकूण सुमारे चारशे. पाणी गोठल्यामुळे होड्या तिथेच टाकून, बर्फ तुडवत, त्यांनी घर गाठलं. त्यांना तिथेच अडकवायचं म्हणून हे सारं घडवलं होतं, आणि ते तिथे थांबले नाहीत. एवढी माणसं वाटेत गमावूनही ज्या दिशेने पाय वळले ती दिशा सरोवराची होती.

१८५२ च्या वसंतात, नव्वदी ओलांडलेला केचेवैश्के भूर्जाच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाला. सोबत ओशोगा हा तरुण पुढारी, आणखी काही जण आणि बेंजामिन आर्मस्ट्राँग हा दुभाषी. वाटेत काठाकाठाने थांबत त्यांनी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या, खाणवाल्यांच्या, रहिवाशांच्या सह्या घेतल्या: या लोकांना हटवू नका. राजधानीत आधी त्यांना धुडकावून लावलं, असं आर्मस्ट्राँगने पुढे लिहून ठेवलं आहे. मग एका काँग्रेस सदस्याच्या मध्यस्थीने राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांची भेट झाली. चिलीम फिरली, गाऱ्हाणं मांडलं गेलं आणि हटवण्याचा हुकूम मागे घेतला गेला. १८५४ साली तह झाला तो ला पॉइंटलाच, आणि त्यात सुपीरियरच्या ओजिब्वेंना त्यांच्याच मुलखात कायमच्या राखीव जमिनी मिळाल्या. मुख्य बेट हातचं गेलं. समोरच्या काठावर रेड क्लिफ आणि बॅड रिव्हर या राखीव जागा आल्या. पण बॅड रिव्हरच्या लोकांनी बेटाच्या टोकाचे सुमारे दोनशे एकर मासेमारीसाठी राखून घेतले, आणि सोडलेल्या मुलखात शिकार व मासेमारी करण्याचा हक्कही राखला. पुढच्याच वर्षी केचेवैश्के गेला. त्याला ला पॉइंटलाच पुरलं आहे.

राखून घेतलेले हे हक्क म्हणजे सरकारने दिलेली बक्षिसी नव्हे. जमीन विकताना विकणाऱ्याने जे विकलं नाही ते त्याच्याकडेच राहतं, इतकी ही उघड गोष्ट. तरी विस्कॉन्सिन राज्याने शतकभर मासे मारणाऱ्या ओजिब्वेंना पकडलं, दंड केले. १९८३ साली केंद्रीय अपील न्यायालयाने हक्क कायम असल्याचं मान्य केलं, तर त्यानंतर रात्री भाल्याने मासे धरायला जाणाऱ्यांवर धक्क्याधक्क्यांवर जमाव जमून दगडफेक आणि शिव्यांचा भडिमार झाला. लोक तरीही होड्या पाण्यात घालत राहिले. न्यायालयाचा कागद सुरीसारखा असतो, वापरला नाही तर गंजतो. तो वापरायला त्या थंड रात्री कुणाला तरी पाण्यावर जावं लागलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो तगडा आहे. अनिशिनाबेकांची स्वतःचीच परंपरा सांगते की ते मुळात या सरोवरांवरचे नव्हेत. अटलांटिक किनाऱ्यावरून, सात भविष्यवाण्यांना मानून, पवित्र कवडी जिथे जिथे दिसेल तिथे तिथे मुक्काम करत ते पश्चिमेकडे आले. पाण्यावर उगवणारं अन्न सापडेल तिथे थांबा, अशी आज्ञा होती. मॅनिटूलिन बेट, सू सेंट मेरीचे धबधबे असे टप्पे घेत ते मूनिंग्वानेकानिंगला पोचले. पश्चिमेकडे सरकताना तिथल्या डकोटा लोकांशी त्यांची दीर्घ युद्धं झाली, त्यांनी मुलूख जिंकला. मग ‘वडिलोपार्जित’ कशाच्या आधारावर म्हणायचं? तेही आलेच, गोरेही आले.

हा आक्षेप मांडणारे गृहीत धरतात की हक्क पहिल्या पावलाचा असतो. अनिशिनाबेकांच्या कथेत पहिल्या पावलाला महत्त्व नाही. कथा सांगते की जागा ओळखायची ती तिथल्या अन्नावरून, आणि ते अन्न राखलं तरच तिथे राहायचं. त्यांच्या दाव्याला ‘आम्ही इथेच उगवलो’ या आधाराची गरज पडत नाही. शिवाय तहांचं बघा. ज्या सरकारने त्यांच्याशी सह्या-शिक्क्यांनी करार केले, त्याने त्यांचा हक्क मान्य करूनच ते केले. करार मोडताना मात्र त्याला स्थलांतराचा इतिहास आठवतो. आणि डकोटांशी झालेल्या लढायांचा जाब डकोटांनी विचारावा. ज्याने दोघांनाही हुसकावलं त्याने नव्हे.

ते पाण्यावरचं अन्न म्हणजे मनोमिन, आपल्या भाताचा दूरचा भाऊबंद. बॅड रिव्हरच्या मुखाशी काकागॉनच्या पाणथळीत ऑगस्टच्या अखेरीस ते पिकतं. होडीत दोघं बसतात. एक जण लांब काठीने तळ रेटत होडी ताटांमधून नेतो; दुसऱ्याच्या हातात देवदाराच्या दोन हलक्या काठ्या. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने वरून हलकं झोडायचं. पिकलेलं तेवढंच झडतं, कच्चं राहतं, त्यासाठी पुन्हा फेरी. काही दाणे पाण्यात पडतात, ते पडू द्यायचे असतात, तेच पुढचं बियाणं. जोराने झोडलं तर ताट मोडतं आणि जाणती माणसं लगेच टोकतात. काठावर आणून दाणे वाळवायचे, कढईत सतत हलवत भाजायचे, खड्ड्यात घालून मऊ पादत्राणांनी नाचत तुडवायचे, मग भूर्जाच्या सालीच्या पसरट पात्रात पाखडायचे. या प्रत्येक कृतीत जागेबद्दलची माहिती भरलेली आहे: यंदा पाणी किती चढलं, कोणत्या खाडीत ताट विरळ झालं, गाळ कुठे साचला. ही माहिती दूर बसून राखता येत नाही. पाण्याची पातळी चुकीच्या वेळी वाढली की मनोमिन उपटून येतं. खाणींमुळे पाण्यात सल्फेट वाढलं की ते खुरटतं.

याच बॅड रिव्हरच्या लोकांनी पाइपलाइनला विरोध केला तेव्हा त्यामागे हीच माहिती होती. एनब्रिज कंपनीची ‘लाइन फाइव्ह’ ही तेलवाहिनी १९५३ पासून त्यांच्या राखीव जमिनीतून जाते. काही तुकड्यांवरची परवानगी २०१३ ला संपली. २०१७ साली त्यांच्या परिषदेने नूतनीकरण नाकारलं, २०१९ ला दावा लावला. २०२३ साली केंद्रीय न्यायाधीशांनी कंपनी विनापरवाना घुसखोरी करत असल्याचं मान्य करून एक्कावन्न लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायला आणि तीन वर्षांत तिथून वाहिनी बंद करायला सांगितलं. दरम्यान नदीने पात्र बदलत काठ इतका खाल्ला होता की एका वळणावर पाणी वाहिनीपासून काही फुटांवर येऊन ठेपलं होतं. वहिवाट संपल्यावरही बसून राहणाऱ्या कंपनीला तीन वर्षांची मुदत मिळते. पोटावाटोमींना किंवा बर्ट लेकला कुणी मुदत दिली होती?

सीमेपलीकडची गोष्ट वेगळी नाही. ह्यूरॉन सरोवराच्या काठी स्टोनी पॉइंट इथली राखीव जमीन कॅनडाच्या सरकारने १९४२ साली लष्करी तळासाठी मागितली. लोकांनी मतदान करून नकार दिला. सरकारने युद्धकालीन कायदा वापरून ती घेतली, कुटुंबांना शेजारच्या केटल पॉइंटला हलवलं आणि युद्धानंतर गरज नसेल तर परत देऊ म्हणून सांगितलं. पूर्वजांच्या कबरी तळाच्या कुंपणाआड राहिल्या. युद्ध संपलं. पन्नास वर्षं वाट पाहून १९९३ साली लोक स्वतःच परत जाऊन राहू लागले. १९९५ च्या सप्टेंबरात शेजारच्या इपरवॉश उद्यानात, जिथे कबरी असल्याचं ते १९३७ पासून सरकारला कळवत होते, निःशस्त्र निदर्शकांपैकी ३८ वर्षांचा डडली जॉर्ज पोलिसांच्या गोळीने मेला. गोळी झाडणारा दोषी ठरला, चौकशी आयोगाचा अहवाल २००७ ला आला आणि जमीन परत करण्याचा करार झाला २०१६ साली. चौऱ्याहत्तर वर्षं. कुणी म्हणेल, उशिरा का होईना, न्याय झाला. मी म्हणेन, १९४२ चं मतदान मानलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

मतदान मानलं गेल्याचंही उदाहरण आहे. ह्यूरॉनच्या काठाजवळ अणुकचरा जमिनीखाली पुरण्याची योजना होती. सॉगीन ओजिब्वे नेशनच्या संमतीशिवाय ती करणार नाही, असं संबंधित सरकारी वीज कंपनीने २०१३ साली लिहून दिलं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या लोकांनी मतदान केलं: १,०५८ विरोधात, १७० बाजूने. योजना सोडून देण्यात आली.

पण मग नोव्हेंबर २०२४ मध्ये अणुइंधनाच्या कचऱ्यासाठी वायव्य ओंटारियोतली जागा निवडली गेली, तीही अनिशिनाबेकांच्याच मुलखात, वाबिगून लेक ओजिब्वे नेशन आणि इग्नास गाव यांच्या परिसरात. वाबिगून लेकच्या लोकांनी पुढच्या टप्प्याला होकार दिला. तो प्रकल्पाला अंतिम मंजुरी नसून आमच्या स्वतःच्या परीक्षणातून त्याला जावं लागेल, असंही बजावलं. शेजारच्या काही समाजांचा याला विरोध आहे. हे पाहून ‘पाहा, शेवटी तेही विकले गेले’ असं म्हणणारे भेटतात, आणि ‘खरे अनिशिनाबेक असं करणारच नाहीत’ असं म्हणणारे हितचिंतकही भेटतात. दोघांनाही हे लोक एकाच साच्यातले हवे आहेत. एकाच भूमीवरून दोन गावांत कडाक्याचा मतभेद होणं हे भूमीशी नातं असलेल्यांचंच लक्षण आहे, आणि तो मतभेद मिटवायचा कसा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या परिषदांचा आहे. कॅनडाच्या सरकारचं काम तेवढंच: वाबिगूनचा होकार जितका तत्परतेने नोंदवला तितक्याच तत्परतेने, उद्या परीक्षणातून नकार आला तर, तोही नोंदवायचा आणि यंत्रं परत न्यायची.